ओवीला थांबवायला या

तीर्थरूप आबांना तुमच्या तुळसाचा वाकून नमस्कार.

इकडे सगळी बरी आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? (फोनवर विचारलं की तुम्ही "हूं" म्हणता, त्यातनं गुडघा कळत नाही. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नका, माझी शाळा सातवीतच सुटली ते तुम्हाला ठाऊक आहे.) वहिनी सांगते, बैलजोडी विकल्यापासून तुम्ही कोणाशी धड बोलत नाही. आबा, बैल विकलेत ना, तोंड तर नाही विकलंत?

आता इकडचं सांगते. ओवीला तीन पुरी झाली तरी ती एक शब्द बोलेना. मी घाबरून अर्धी झाले. हिच्या बाबांनी मुंबईहून बजावलेलं, पोरीशी इंग्लिशच बोल, पुढं शाळेत अडायला नको. मला येतं कम, गो, ईट नि सीट. त्यात दिवस किती भरणार? आणि आपल्या गावठी बोलण्यानं पोर बिघडेल, म्हणून मी गप्पच राहायला लागले. सासूबाईंनाही मुलाची तीच ताकीद. घरात नुसती भांडी वाजायची. तर परवा सासूबाई पाटावर बसून सुपारी कातरत होत्या. ओवी मागनं आली, त्यांच्या पाठीवर थाप मारली नि ओरडली, "हीऽर्र! तासाला लाग!" सासूबाई पाट सोडून उठल्या. (लग्न झाल्यापासून मला ते जमलं नव्हतं.) म्हणाल्या, पोरीला बाहेरची बाधा झाली. मी तशीच एसटी पकडून तिला चिपळूणला डॉक्टरकडे नेली. डॉक्टर घाटावरचे. गोड आवाजात म्हणाले, "बाळा, नाव काय तुझं?" हिनं त्यांची खुर्चीच ढकलली. "वळ, वळ! हीऽर्र!" डॉक्टर माझ्याकडे बघतात, मी लादीकडे. तेवढ्यात दाराशी नंबर लावून बसलेला एक म्हातारा उठून आत आला. "अगो बाय, पोर नांगर धरतेय! कैक वर्षांनी ऐकलं गो. परत बोल." ती परत बोलली नि तो डोळे पुसायला लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या शेजारचे केरूआजा (पूर्वी तुमच्या जोडीनं नांगरायचे तेच) आता पॉवर टिलरनं नांगरतात, पण तोंड बैलांचंच चालू. मशिनचे लाड काय, मशिनला शिव्या काय! वाडी हसते त्यांना. ओवी मात्र बांधावर बसून तेच ऐकत राहायची, कारण तिच्यासमोर तोंड उघडणारं तेवढंच एक माणूस होतं. डॉक्टर म्हणाले, कान चांगले, जीभ चांगली, घरात कोणीतरी बोला हो हिच्याशी. आता मी तांदूळ निवडतानाही बडबडते. ती सगळं ऐकून घेते नि उत्तर बैलांचंच देते.

तुमची लेक,
तुळसा

ता. क. काल ओवी रस्त्यात उभी राहून एसटीलाच वळवत होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून बरं. तिला "थांब" कळत नाही, "स्टॉप" कळत नाही. केरूआजांना विचारलं, बैल थांबवायचा आवाज कसा काढायचा? म्हणाले, "मशिनला बटण आहे गो, तो आवाज गेला डोक्यातनं. तुझ्या बापासारखा तो कोणाला जमलाही नाही." तर आबा, तुम्ही येऊन तिला तो शिकवा. फोनवर नको, समोर उभं राहून.

ता. क. आणखी एक. खोटं कशाला बोलू, तो आवाज मला येतो. लहानपणी बांधावर बसून तुमचाच ऐकलाय. पण काढायला गेले की मला रडू येतं, नि ती टाळ्या पिटून हसते. या.