बिनऔषधाच्या वांग्यांची जळगाववर स्वारी

यावल, डिसेंबर १९९३

तीर्थस्वरूप आधारमामा यांस,

कौतिकचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता धुळ्याच्या थंडीत कसा आहे? मामींचा खोकला थांबला असेल. आम्ही इकडे नुसते खुशाल नाही, विजयी आहोत.

सुगंधाच्या लग्नात भर पंगतीत तुम्ही म्हणाला होता, की शेणखतावरच्या, औषध न मारलेल्या वांग्यांना कुणी चार आणेही जास्त देणार नाही. सगळे हसले. (कला सगळ्यात जास्त हसली. बायको म्हणून तिचा तो हक्कच आहे.) तरी तिनं मला एक हंगाम दिला. माल परत आला तर पुढच्या वर्षी फवारणीचा पंप तीच माझ्या पाठीला बांधणार होती.

पहिल्या रविवारी भरताची वांगी घेऊन आम्ही जळगावला गेलो. पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘विषमुक्त वांगी’. भाव शेजारच्यापेक्षा दीडपट. शेजारी निंबा नावाच्या साक्रीकडच्या माणसाची गाडी होती, त्याची वांगी तेल लावल्यासारखी चमकत होती. लोक माझ्याकडे थांबत, पुठ्ठा वाचत, कौतुक करत. एका प्राध्यापकांनी तर माझा हात हातात घेऊन जमिनीच्या आरोग्यावर इतकं सुंदर भाषण केलं की मला गहिवरून आलं. मग त्यांनी निंबाकडून दोन किलो घेतली. एका बाईंना तर पुठ्ठ्यातला ‘विष’ एवढाच शब्द दिसला, त्या मुलाला ओढत घेऊन गेल्या. संध्याकाळी टोपल्या जशाच्या तशा एस.टी.च्या टपावर चढल्या, आणि यावल येईपर्यंत कला एक शब्द बोलली नाही. मामा, ती बोलते तेव्हा बरं असतं.

पुढच्या रविवारीही दुपारपर्यंत तेच. मी एका गिऱ्हाइकाला गांडुळांचं महत्त्व समजावत होतो, तेव्हा कला उठली आणि म्हणाली, "लोकाले पोथी नका सांगू, खाऊ घाला."

तिनं टोपल्यांमागे कपाशीच्या काड्या पेटवल्या, आमची वांगी भाजली, हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून भरीत ठेचलं आणि घरून आणलेल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे तुकडे करून ठेवले. धूर निंबाकडे गेला. शेजारधर्म म्हणून (आणि थोडं जळवायला) मी त्याला पहिला घास दिला. दुसरा घास त्यानं न विचारता घेतला. मग आपल्या गाडीवर गोणपाट टाकलं, पैसे काढले आणि भर बाजारात म्हणाला, "भाऊ, हाई वांगं न्यारं शे. माले घरसाठी दोन किलो दे."

त्यानं भावही केला नाही, मामा. वांगी विकणारा दुसऱ्याची वांगी महागानं घेतोय, हे बघून सगळा बाजार आमच्याकडे लोटला. प्राध्यापक परत आले आणि या वेळी भाषणाविना तीन किलो घेऊन गेले. पुठ्ठा मी भाकरीखाली घातला. चार वाजता टोपल्या रिकाम्या, आणि एस.टी.त कला खिडकीशी बसून सगळ्या प्रवाशांना ऐकू जाईल असं सांगत होती, की फवारणी बंद करायची कल्पना मुळात तिचीच. मी मान हलवली. असा दिवस रोज येत नाही.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
कौतिक

ता.क. कला पुढच्या वर्षी दोन एकर लावायचं म्हणते. त्यासाठी तुमच्या गोठ्यामागचा शेणखताचा ढीग लागेल. ट्रॅक्टर मी आणतो. घरच्या घरी पैशांची भाषा नको.

ता.क. दुसरा. इथे झुलालकडेही शेणखत आहे, पण तो दीडपट मागतो. म्हणतो, त्याच्या म्हशी बिनऔषधाचा चारा खातात. शेणासाठी इतके पैसे कोण शहाणा माणूस देईल, तुम्हीच सांगा.