लख्ख खडक

जोगेश्वरी, रविवार

आई,

तुला आणि नानांना जयभीम. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. नानांचा गुडघा कसा आहे? फोनवर सांगताना रडू येईल म्हणून लिहितेय.

आज ऑफिसतर्फे जुहूचा किनारा साफ करायला गेलो होतो. ओहोटीमुळे खडक उघडे पडले होते. एका खडकाला गादीतून निघावा तसा नारिंगी स्पंज चिकटला होता. तुझा करपलेला तवा खरवडते तसा सगळा खरवडून कचऱ्याच्या पिशवीत भरला.

बरोबरच्या गार्गीने पिशवीत बघून एक तुकडा बाहेर काढला. मग म्हणाली, "तेजल, हा प्राणी आहे गं. जिवंत. छिद्रांतून पाणी ओढतो, त्यातलंच खातो."

आई, त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. मी ओढत होते तेव्हा त्याने हूं की चूं केलं नाही. मला कसं कळणार होतं?

तुकडे परत पाण्यात सोडले, पण ते खडकाला थोडेच चिकटणार. बोटं जरा खाजताहेत, काळजी करू नकोस.

सकाळी तुला फोटो पाठवला होता ना, लख्ख खडकाशेजारी हसतानाचा? तो कुणाला दाखवू नकोस.

तुझीच,
तेजल