न्यूट्रलचा उस्ताद

परभणी, मंगळवार संध्याकाळ

आमच्या ट्रकवरचा माझ्या जोडीचा ड्रायव्हर गणपत स्वतःला डिझेल वाचवायचा उस्ताद समजतो. उतार लागला की गाडी न्यूट्रल, सगळा माल नुसत्या ब्रेकवर! गिअरमध्ये सोडली तरी उताराला डिझेल लागत नाही, हे ह्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

आज देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तर इंजिन चालूच. म्हटलं, "बंद कर की."

"तुमाला न्हाई कळायचं, भाऊ. बंद करून परत सेल्फ मारायला लय डिझेल जातंय."

चहा झाला, पुन्हा चहा झाला, इंजिन धडधडतंच. ह्याला उस्ताद म्हणायचं?

मालकानं नव्या ड्रायव्हरांना शिकवायला ह्यालाच नेमलंय. मालकाला स्वतःच्या बायकापोरांना घेऊन उद्या घाट उतरायचाय, त्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून मात्र मला बोलावलंय.