तोफेशी सहा महिन्यांचा करार

३ मार्च, सकाळ.
आजपासून हॉलमध्ये शांततेचं धोरण. तेरा वर्षं सासऱ्यांचा हॉल चालवतोय, कलाकार कसे हाताळायचे ते मला कोणी शिकवू नये. मागच्या महिन्यात बासरीवाल्याला मी मारलं नव्हतं. तोच माझ्या कोपरावर येऊन आदळला.
एका बँडच्या गायिकेनं करारावर सही केली. सगळे तिला तोफ म्हणतात. सहा महिने दर शनिवारी आमच्याकडेच गाणार, शहरात इतर कुठेही नाही. बदल्यात नवे स्पीकर मागितले. म्हटलं, आठवड्यात आणतो.

२१ मार्च.
स्पीकर आले नाहीत. ऑर्डर दिलेली नाही, त्यामुळे थोडा उशीर. तोफ म्हणाली, जुन्या स्पीकरमधून मी डब्यात तोंड घालून गातेय असं वाटतं. म्हटलं, लोकांना आवडतंय. तिच्या बँडच्या ड्रमरनं माझी कॉलर धरली. मी शांत. माइकचा स्टँड त्याच्या गुडघ्यावर बसला, तो हातातून सुटून.
बायको म्हणते, माफी मागा. विचार केला. नाही.

४ एप्रिल, दुपार.
साउंड चेक. स्पीकर खरखरला. तोफेनं त्याला लाथ घातली, तो स्टेजवरून थेट माझ्या पायावर. दोन बोटं मोडली. मीही दुसऱ्या पायानं ड्रमला लाथ हाणली. पाय आत अडकला. ड्रमरनं मला ड्रमसकट तीन पायऱ्या खाली पोचवलं. संबंध अजून चांगले आहेत. कलाकार म्हटलं की एवढं चालायचंच.

११ एप्रिल, दुपार.
तोफ आली नाही. समोरच्या हॉलच्या दारावर तिचा फोटो! करार खिशात घालून निघालोय. फक्त बोलायला. हातोडा फोटो उतरवायला.

१२ एप्रिल. हॉस्पिटल.
डाव्या हातानं लिहितोय.
आधी दाराची काच फोडली. मग ड्रमर आला. म्हणाला, साहेब, हातोडा ठेवा. मी ठेवला, त्याच्या मनगटावर. कडकन आवाज झाला. तो ओरडला नाही. नुसता हाताकडे बघत राहिला. मग तिथल्या चौघांनी मला तुडवलं. उजवा हात, दोन बरगड्या. त्यांना दोष देत नाही. का देत नाही, कळत नाही.

१८ एप्रिल.
काल सासरे आले. करार फाडला, किल्ल्या घेतल्या. ड्रमर वर्षभर वाजवणार नाही म्हणे. पोलीस उद्या येणार.
रात्रभर त्याचं मनगट डोळ्यांपुढे. आज सकाळी त्याला चिठ्ठी लिहिली. तेरा वर्षांत पहिलीच माफी. डाव्या हातानं, चार ओळी, दोन तास. बायकोबरोबर पाठवली.

१८ एप्रिल, संध्याकाळ.
बायको परत आली. विचारलं, काय म्हणाले? म्हणाली, ड्रमरनं तोफेकडे दिली. तिनं उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, ही धमकी आहे का?
मग तू काय सांगितलंस?
म्हणाली, मलाही वाचता आली नाही.