एकदम थांबवलेली गोळी

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं आलंय. चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आईकडे जेवायला जमलो होतो, तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं होतं ना, की मनाची गोळी बंद केली, आता मी ठणठणीत! आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तू म्हणालास, "शाबास! याला जिद्द लागते." मला कोण अभिमान वाटला! डॉक्टरांना विचारलंही नव्हतं. बरं वाटतंय तर विचारायचं कशाला?

पुढचं मात्र कुणाला सांगितलं नाही. थोड्याच दिवसांत, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसायला लागला. क्षणभर सगळं जग मागे राहायचं आणि मग धावत येऊन मला गाठायचं. शाळेच्या बसमध्ये डिझेल भरताना उगाच रडू फुटायचं. गाडीवरच्या मावशी, मुलांना चढवतात-उतरवतात त्या, त्यांच्या हातून डबा पडला तर मी त्यांच्या अंगावर खेकसले. मला वाटलं, जुनं दुखणं उलटलं, नाहीतर मला वेड तरी लागलं.

मग एकदा, शाळा सुटल्यावर, भरलेली बस चौकात वळवताना मी आरशात पाहिलं आणि लागोपाठ झटके आले. समोरचा सिग्नल लाल आहे की हिरवा, कळेना. कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली मावशींच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "मी मागितली तरी देऊ नका." मागून एक चिमुरडी ओरडली, "ड्रायव्हरकाकू, डिझेल संपलं का?" सगळी पोरं खिदळली. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले.

दवाखान्यात माझ्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, नाडीही पाहिली नाही. आधी विचारलं, "गोळी कधी बंद केलीत?" मी थक्क! त्या म्हणाल्या, हे वेड नाही, तुमचा दुबळेपणाही नाही. शरीराला गोळीची सवय झालेली असते, ती एकदम काढून घेतली की असं होतं. "भरधाव गाडी तुम्ही अशी थांबवता का हो?" गोळी परत सुरू केली, झटके हळूहळू विरू लागले. आता डोस त्याच कमी करताहेत, अगदी सावकाश. झटके पुरते जाईपर्यंत गाडीवर बसायचं नाही, म्हणून सध्या डेपोत फोन घेते.

आज सकाळी तिथेच वहिनीचा फोन आला. म्हणाली, "हे न्हाणीघराचं दार लावून बसलेत. किती दिवस झाले, मान वळवली की भिंत धरतात. म्हणतात, मेंदूत काहीतरी तुटलंय." मग तिने सांगितलं, की कित्येक वर्षं तुझ्याही कपाटात अशीच गोळी होती, आणि त्या जेवणावरून घरी आल्या आल्या तू ती कचऱ्यात टाकलीस. दादा, तू? आईच्या आजारपणात घर सांभाळलंस, मला गाडी शिकवलीस, तो तू? मी समजत होते आपल्या घरात मी एकटीच अशी. आणि माझी बढाई ऐकून तू... अजून विश्वास बसत नाही रे. तुटलेलं काही नाही. तू जिला जिद्द म्हणालास, ती जिद्द नव्हती, अडाणीपणा होता. तुझ्या डॉक्टरांना सगळं सांगू. जिवाचं बरंवाईट करायचं मनात येत असेल तर तेही सांग, माझ्यासमोर लाज कसली? मी डेपोतून तडक इथे आलेय. हाकांना तू ओ देत नाहीस, म्हणून हा कागद दाराखालून आत सरकवतेय, वहिनी माझ्या शेजारी जमिनीवर बसलीय. खाली टॅक्सी उभी आहे. कडी काढ, दादा.

तुझीच,
दाराबाहेरची धाकटी