चार बोटं सैल स्टिअरिंग

नांदेड, माघ वद्य पंचमी

तीर्थस्वरूप बापूसाहेब भाऊजींच्या चरणी रेणुकादासाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व इथे धड आहोत (हा शब्द विचार करूनच लिहिला आहे). आपला गुडघा, अक्कांचा खोकला आणि लातूरच्या कोर्टातले आपले पक्षकार ठीक असतील अशी आशा करतो. चि. सौदामिनीची तब्येत उत्तम आहे. मोटारीची नाही.

उमरीच्या अनंतरावांना त्यांच्या मुलासाठी आपली सौदामिनी पाहायला आमच्याकडे आणायचं ठरलं, तेव्हाच आमची सौ. विशाखा म्हणाली होती, उमरीहून नांदेडला आगगाडी आहे, येतील बसून. पण आपण मोठ्या मनानं मोटार पाठवली होती, आणि मोटार दारात असताना होणाऱ्या व्याह्यांनी आगगाडीतून यावं हे मला कमीपणाचं वाटलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा सैल झालाय, तो बदलल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, असं आपण बजावलं होतंत. मी विसरलो नव्हतो. नवा भाग हैदराबादेहून यायचा होता आणि पाहुणे त्याआधी यायचे होते, म्हणून मी त्या सांध्यात चामड्याची चकती कोंबली. (फोकानिया शाळेत वरच्या वर्गांना भूमिती शिकवणाऱ्यानं हे करावं!)

उमरीत अनंतरावांच्या दारी पोचलो तेव्हा अंगात धुळीसाठी चढवलेला खाकी कोट होता. ते बाहेर आले, वळकटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, नीट ठेव रे. मागून त्यांच्या मंडळी चतुराबाई आल्या नि मुलीचे मामा का आले नाहीत असं विचारू लागल्या. तिथंच सांगायला हवं होतं. पण वळकटी हातात असताना ‘मीच तो मामा’ म्हणणं जमेना. नांदेडला पोचल्यावर सांगू, सगळे हसतील, असं मनाशी ठरवून मी चाक हाती घेतलं.

गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. अनंतरावांनी सहज विचारलं, ही गाडी वळते कशी. भाऊजी, मला राहवलं नाही. आपण चाक फिरवतो, चाकाची दांडी खालच्या पेटीतल्या दात्यांना फिरवते, पेटीतून निघालेला हात पुढच्या चाकाला ढकलतो, आणि आडवा दांडा दुसऱ्या चाकाला सोबत ओढतो. त्या दांड्याच्या टोकाला गोळी असते, ती वाटीत फिरते, वाटी झिजली की गोळी निसटते. सगळं बिनचूक सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, मग वाटी झिजली हे कळतं कसं, नि बदलायची कधी? मी म्हणालो, स्टिअरिंगचं चाक दोन बोटं फिरूनही पुढची चाकं हलली नाहीत, तर त्याच दिवशी बदलायची, एक दिवसही थांबायचं नाही.

अनंतराव पुढे वाकले. त्यांनी माझ्या हाताशेजारी बोटं लावून पाहिली.

“इथं तर चार बोटं हलून राहिलंय,” ते म्हणाले.

तेवढ्यात खालून ठक् आवाज आला. एक चाक माझं ऐकत होतं, दुसरं आपल्या मर्जीनं निघालं. गाडी सडक सोडून केवळाबाई नावाच्या बाईच्या खळ्यात शिरली. तिथं कणसं तुडवत बैलांची पात चालली होती. बैल शहाणे, ते बाजूला झाले. आम्ही कडब्याच्या गंजीत घुसून थांबलो. कुणाला खरचटलंही नाही, पण चतुराबाईंच्या शालूतून कडबा वेचायला वेळ लागला. केवळाबाईंनी आधी त्यांना पाणी दिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “बैलाला बी वेसण घालतो आमी,” त्या म्हणाल्या, “तुमी न्हाई घालीत का?”

त्यांच्याच बैलगाडीनं उमरी स्टेशन, तिथून आगगाडीनं नांदेड. वळकटी माझ्याच डोक्यावर. दारात अनंतराव विशाखाला म्हणाले, हा तुमचा ड्रायव्हर माहितीचा फार पक्का आहे, पण याच्या हातात गाडी देऊ नका. विशाखानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “बरं.” नंतर मुलीचे मामा परगावी गेल्याचंही तिनंच सांगितलं.

मुलगी पाहणं माझ्याच घरात, माझ्याविना झालं. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो. अनंतराव भले गृहस्थ. त्या ड्रायव्हरलाही पोहे द्या, घाबरला असेल, असं त्यांनी आतून सांगितलेलं मी ऐकलं. पोहे घेऊन सौदामिनीच आली. बशी ठेवताना हळूच म्हणाली, “मामा, आता सांगा की.” मी मान खाली घालून पोहे खाल्ले.

अक्कांना सावकाश सांगावं. लहानांस आशीर्वाद.

आपला अपराधी,
रेणुकादास

ता. क. मुलगी पसंत आहे. अनंतरावांची एकच अट आहे, तो ड्रायव्हर लग्नात नको. मोटार अजून खळ्यातच आहे. कोंबड्या आत बसतात असं केवळाबाईंनी कळवलं आहे.

ता. क. लग्नात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो हे आपल्या ध्यानात आलंच असेल. माझ्या जागी आपले चुलतमेहुणे शेषेराव चालतील का, असं मी काल सौदामिनीला विचारलं. ती रडली. म्हणाली, मामा म्हणून तुम्हीच उभं राहायचं, नाहीतर मी उभी राहणार नाही. तेव्हा भाऊजी, हात जोडून मागतो, उमरीला आपणच लिहा. मी लिहायला बसतो, पण सही कुणाची करावी ते कळत नाही.