घड्याळजींचा ता. क.

प्रिय ठमाक्का,

धाकट्या बहिणीला कोणी साष्टांग नमस्कार घालत नाही, पण आज मी त्या तयारीत आहे. म्हणून आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घे. आमच्या रुग्ण-साहाय्य मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अध्यक्षांच्या दवाखान्यात भरते. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. खुर्च्या पाच, सभासद सहा, आणि सहावा कोण हे तुला सांगायला नकोच. गेली सहा वर्षं मी दात काढायच्या खुर्चीत आडवा पडून लोकसेवा करतो आहे. डोक्यावर प्रखर दिवा, बाजूला गुळण्यांचं भांडं. गेल्या बैठकीत चिटणीसबाईंचा पाय खालच्या पेडलवर पडला आणि माझे चरण ऊर्ध्व, मस्तक अधोगामी झालं. तोल सावरायला मी हात वर केला, तर चहा बंद करण्याच्या ठरावाला माझं अनुमोदन म्हणून तो इतिवृत्तात गेला. हा अन्याय इतिहास विसरणार नाही.

हसलीस ना? आता कामाचं. परवा फोनवर तुला त्या घड्याळजींकडे जाऊन यायला सांगितलं, तू उद्या सकाळी जाणार आहेस, ते ठाऊक आहे. त्यांच्याबद्दल थोडं सांगतो. म्हातारे, विधुर, दुकान कधीच बंद केलेलं, दुसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. फुप्फुसं निकामी होत चाललेली. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं ते खोक्याएवढं यंत्र असतं ना, ते आमच्या मंडळाने त्यांना तीन वर्षांपूर्वी घरी बसवून दिलं. इथे येऊन स्थिरावलेल्या आपल्या माणसांनी तिकडच्या जुनाट आजारांच्या रुग्णांसाठी काही करावं, एवढाच मंडळाचा उद्देश. महिन्याभरापूर्वी मंडळाने ते यंत्र घड्याळजींकडून परत नेलं आणि यादीतल्या पुढच्या बाईंना दिलं. कारण काय, तर घड्याळजींची प्रकृती सुधारली.

आता हे मंडळाला कळतं कसं? आमचा नियम असा की प्रत्येक रुग्णाने सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. मंडळातल्या निम्म्या लोकांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून ती पत्रं मी इथल्या भाषेत उतरवतो. संस्कृत शिकून पोट कसं भरणार, असं बाबा विचारायचे. पोट मी औषधांच्या खोक्यांतल्या पत्रकांची मुद्रितं तपासून भरतो, पण मन या पत्रांवर भरतं. माणसं अडखळत लिहितात, मी वाक्यं नीट करतो. कुठे एखादं विशेषण, कुठे थोडा तोल. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही भाषांतर नाही करत, इस्त्री करता. मला ती स्तुती वाटायची.

घड्याळजींची पत्रं माझी सर्वांत लाडकी. पहिलं पत्र चार पानी होतं, त्यात यंत्राच्या आवाजावर एक अख्खा परिच्छेद: गृहस्थ म्हणे रोज त्याचे ठोके मोजतात आणि ते मिनिटाला एकाने मागे पडतं, पण आपण तक्रार करणार नाही! शेवटचं पत्र मात्र सहा ओळींचं. सर्व क्षेम आहे, आपल्या कृपेने प्रकृती उत्तम, यंत्राची आता फारशी गरज भासत नाही, आपण सर्वांनी स्वतःला जपावं. मी ते इतकं सुरेख उतरवलं की बैठकीत वाचताना चिटणीसबाईंनी डोळे पुसले. तिकडच्या डॉक्टरांचा अहवाल वेळेवर आला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, रुग्ण स्वतःच म्हणतोय, आणखी काय हवं? यादीत चौदा जण थांबलेत. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला, आणि त्या दिवशी खुर्ची अगदी स्थिर होती.

अहवाल आला तो परवा सकाळी. त्यात सुधारणा नाही, उलट घसरण लिहिली आहे. मी तडक तुला फोन केला आणि काय सांगितलं? कार्यालयाचा काहीतरी घोळ आहे, औपचारिकता म्हणून जरा बघून ये. खोटं बोललो, ठमे. कार्यालयाचा घोळ नाही. फोन ठेवल्यावर मी त्यांचं मूळ पत्र काढलं. पानाच्या मागच्या बाजूला एक ओळ होती. ता. क. यंत्र पावसाळ्यापर्यंत राहू दिलंत तर बरं होईल, नाही जमलं तरी काही हरकत नाही. ती मी तेव्हाही वाचली होती. आपली माणसं वर सगळं क्षेम लिहितात आणि पोटातलं ता. क. मध्ये सांगतात, हे माझ्याहून चांगलं कोणाला ठाऊक? पण 'स्वतःला जपावं' या वाक्यावर पत्र इतकं छान संपत होतं, की पुढे ही ओळ मला शेपटासारखी वाटली. म्हणून मी ती गाळली.

तेव्हा उद्या जाशील ती औपचारिकता म्हणून जाऊ नकोस. ते तुला बसवतील, पाणी देतील, मी ठणठणीत आहे म्हणतील. विश्वास ठेवू नकोस. तीस वर्षं वॉर्डात काढलीस, तुला काय शिकवायचं? तरी नखांचा रंग बघ. दार उघडायला किती वेळ लागतो ते बघ. एक वाक्य एका दमात पुरं होतं का ऐक, आणि बसताना हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकतात का तेही. तुझी नेहमीची थट्टामस्करी कर, पण त्यांना हसवू नकोस फार. तू पाहिलंस ते दोन ओळींत लिहून पाठव, अध्यक्षांनी शब्द दिलाय, दुसऱ्या दिवशी नवं यंत्र जाईल. परिस्थिती बिकट दिसली तर माझ्या होकाराची वाट बघू नकोस, थेट रुग्णालयात ने. आणि ओळ कोणी गाळली असं त्यांनी विचारलं, तर माझं नाव सांग. हे सगळं फोनवर जमलं नाही, जीभ वळली नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत हे लिहितोय आणि फोटो काढून पाठवतोय, म्हणजे निघण्यापूर्वी वाचशील.

कालपासून एका जागी बसवत नाही. मुद्रितं तपासताना तीच ओळ तीनतीनदा वाचतो आणि डोक्यात शिरत नाही. तू म्हणशील, चूक कळली, आता निस्तरते आहे, एवढं काय शास्त्रीबुवा? सांगतो. सहा वर्षांत मी दोनशेच्या वर पत्रं उतरवली, आणि मागची बाजू मी प्रत्येकाची उतरवली का, ते मला आठवत नाही. त्यातल्या नऊ फायली 'प्रकृती सुधारली' असा शेरा मारून बंद केलेल्या आहेत. त्या फायली ज्या कपाटात आहेत त्याची किल्ली परवापासून माझ्या खिशात आहे. घड्याळजींचं काय ते तू उद्या सांगशील. त्या नऊ जणांना मी माझ्या लेखणीने बरं करून टाकलं का, हे मलाच बघायचं आहे, आणि मला फार भीती वाटते.

तुझाच,
दादा